चंबू पालथा घालण्याची पद्धत

उष्णता दिली की द्रवाची वाफ होते, आणि वाफ थंड केली की तिचा पुन्हा द्रव होतो. निसर्ग हे आपणहून करतो. पण त्याने ते नीट केलं की नाही हे ठरवायला कार्यालय लागतं. १९७४ साली अशा एका कार्यालयात मी काचसामान धूत होते, त्यामुळे पुढची हकिकत ऐकीव नाही. चष्मा कुठे ठेवला ते हल्ली मला आठवत नाही, पण त्या वर्षीचे आकडे सगळे आठवतात.

त्या वर्षी खनिज तेल मिळेनासं झालं होतं. दुकानापुढे डब्यांची रांग असे. माणसं डबा ठेवून घरी जात, आणि डबे रात्रंदिवस उभे राहत. (डब्यांमध्ये भांडण झाल्याची नोंद नाही.) लोकांचे दिवस वाईट आले की परीक्षण करणाऱ्यांचे चांगले येतात. आमची द्रव इंधन परीक्षण प्रयोगशाळा दोन खोल्यांची होती. तिला एक व्हरांडा होता, सात माणसं होती, आणि दारावर पाटी होती : ‘ज्वालाग्राही पदार्थ आत आणू नयेत.’ नमुने मागच्या दाराने येत.

परीक्षा अशी. चंबू म्हणजे गोल पोटाची, लांब मानेची काचेची बाटली. त्यात शंभर मिलिलिटर तेल घ्यायचं आणि खालून आच द्यायची. वाफ नळीतून जाताना थंड होते आणि थेंबाथेंबाने मोजपात्रात पडते. ते झालं ‘निघाले’. मग चंबू निवला की तो लहान मोजपात्रावर पालथा घालायचा. जे पडेल ते ‘उरले’. दोन्ही मिळून शंभराला जेवढं कमी पडेल ते ‘उडाले’, म्हणजे वाफ होऊन हवेत गेलं. रॉकेल घ्या : निघाले साडेअठ्ठ्याण्णव, उरले एक, उडाले अर्धा. ‘उरले’ दोनच्या वर गेलं की तेल नापास, कारण जे उरतं ते पुढे बर्नरच्या तोंडाशी जाऊन बसतं. इतकी साधी आणि स्वच्छ परीक्षा मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. माणसांसाठी अशी एखादी असती तर लग्नं जमवणं किती सोपं झालं असतं.

परीक्षा घेणारे आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ बेरीजमास्तर या नावाने ओळखले जात. बावीस वर्षांत त्यांची बेरीज शंभरच्या खाली किंवा वर गेली नव्हती. एकदा भूकंपाचा हलका धक्का बसून चंबू अर्धा सांडला, तरी बेरीज शंभर आली. मास्तर माणूस भला. मला ‘पोरी’ म्हणत आणि आपल्या डब्यातलं अर्धं देत. (उरलेलं अर्धं स्वतः खात. बेरीज जमत असे.)

नमुन्याच्या कागदावर सर्वांत खाली माझी जागा होती. ‘चंबू स्वच्छ : होय / नाही’ आणि त्यापुढे सही. ‘नाही’ लिहिलं तर परीक्षा रद्द होई. मी तात्पुरती होते, डिसेंबरात कायम व्हायची होते, त्यामुळे माझे सगळे चंबू स्वच्छ होते.

मार्चमध्ये लाकूडवाले आले. त्यांची लाकडाची वखार होती आणि वखारीमागे भुशाचा डोंगर. त्यांनी भुसा बंद हंड्यात, हवा लागू न देता तापवला, धूर थंड केला आणि त्याचं तेल केलं. तपकिरी, पातळ, आणि वासाला धुरात ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीसारखं. हंड्यात कोळसा राही, तो ते पोत्यात भरून ठेवत. माणूस शिकलेला नव्हता, त्यामुळे खरं बोलायची सवय होती.

“मास्तर, आधीच सांगतो,” ते म्हणाले. “हे रॉकेलसारखं उडून जात नाही. सावकाश तापवलं की आधी पाणी निघतं, मग फेस येतो, मग ते आपल्याआपल्यातच घट्ट होतं आणि शेवटी दगड. थंडच ठेवायचं, बारीक फवारा मारायचा आणि भसकन जाळायचं. मग चांगलं जळतं. तापवत बसायचं नाही.”

“इथे तापवतातच,” मास्तर म्हणाले.

तापवलं. पाणी निघालं, फेस आला, चंबूत तडतड झाली, शेवटी पांढरा धूर. मोजपात्रात छप्पन्न जमले. आच बंद केली. चंबू निवल्यावर मास्तरांनी तो पालथा घातला. आत तळाशी, काचेला घट्ट धरून, मुठीएवढा काळा, चकचकीत, भोकाभोकांचा गोळा होता. तो जागचा हलला नाही.

“मास्तर, हे उरलंय,” मी म्हटलं.

“ओत.”

“ओतता येत नाही.”

“मग उरलेलं नाही.”

“पण दिसतंय की डोळ्यांना!”

“पोरी, कागदावर ‘दिसले’ असा रकाना आहे का? दाखव मला.”

मी कागद उलटसुलट पाहिला. नव्हता. मास्तरांनी लिहिलं : निघाले छप्पन्न, उरले शून्य, उडाले चव्वेचाळीस. बेरीज शंभर.

प्रयोगशाळेच्या इतिहासात ‘उरले शून्य’ कधी आलं नव्हतं. विमानाच्या इंधनालाही नाही. साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, कागद दोनदा वाचला आणि चहा मागवला. वरून तोंडी निरोप होताच की देशी तेल पास झालं तर बरं. पण हे नुसतं पास नव्हतं, पहिलं आलं होतं. ‘उडाले चव्वेचाळीस’चा अर्थ त्यांनीच लावला : “इतकं चपळ इंधन आहे की नळीतून जायलाही थांबत नाही.”

पुढे जे झालं ते नियमाला धरूनच झालं. प्रत्येक परीक्षेत चव्वेचाळीस भाग वाफ खोलीत सुटते, हे कागदावर सिद्ध होतं, म्हणून खिडक्यांना जाळ्या बसल्या. तुळईखाली वाळूच्या चार बादल्या उलट्या टांगाव्यात (वाफ वर जाते) असा प्रस्ताव गेला आणि वाळूच्या प्रश्नावर अडकला. कर्मचाऱ्यांना दर आठवड्याला एक रुमाल मंजूर झाला. मास्तरांना चक्कर येऊ लागली. डॉक्टर म्हणाले काही नाही. मास्तर म्हणाले, चव्वेचाळीस टक्के वाफेत बावीस वर्षं मुरलेला माणूसही टिकणार नाही, आणि दुपारी दारात जाऊन बसू लागले.

माझी अडचण वेगळी होती. चंबू धुऊन निघेना. सोडा झाला, राख झाली, गरम पाणी झालं. तारेने खरवडलं तेव्हा गोळा तसाच राहिला आणि चंबू फुटला. तेव्हा कळलं की फुटलेला चंबू अस्वच्छ असू शकत नाही. त्याच्यासाठी वेगळं रजिस्टर असतं. मग आम्ही तीच पद्धत धरली. परीक्षा झाली की मी चंबू व्हरांड्यात नेऊन पायरीवर हलकेच आपटे आणि रजिस्टरात ‘हातातून निसटला’ असं लिही. आधी वर्षाला तीन चंबू फुटत. त्या वर्षी जुलैपर्यंत एकसष्ट फुटले. तरी साहेबांनी मला समज दिली नाही. ज्या मुलीच्या हातून इतकं निसटतं तिच्या हातात काही राहत नाही, ही प्रयोगशाळेच्या दृष्टीने चांगली गोष्ट होती.

आता दादा. माझा थोरला भाऊ एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात बॉयलर चालवत असे. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं त्याच्या वाफेवर धुतलं आणि वाळवलं जाई. चौदा वर्षं त्याने कोळशाचा बॉयलर चालवला होता. मग तेलाचा नवा आला आणि जुना मागच्या शेडमध्ये गेला. धुलाईखान्याच्या पाठीला लागून दोन खोल्या त्याला नोकरीबरोबर मिळाल्या होत्या. त्यात दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. भिंत सदा कोमट असे. हिवाळ्यात आम्ही सगळे तिला पाठ लावून बसत असू.

ऑगस्टमध्ये धुलाईखान्यात नव्या तेलाची चाळीस पिंपं आली. पिंपांवर आमच्या प्रमाणपत्राची नक्कल डकवली होती : उरले शून्य. लाकूडवाल्यांनी हाताने लिहिलेली चिठ्ठीही होती, ‘तापवू नये’. पण धुलाईखान्याच्या नियमावलीत गडद तेलाबद्दल एकच कलम होतं : ‘बर्नरकडे सोडण्यापूर्वी नव्वद अंशांपर्यंत तापवावे.’ चिठ्ठीवर शिक्का नव्हता, कलमावर होता.

दादाने तापवलं. आठव्या दिवशी बर्नर फुरफुरला, खोकला आणि गप्प झाला. त्याने नोझल उघडलं. सुईच्या नेढ्याएवढ्या भोकात काळा, चकचकीत, भोकाभोकांचा खडा.

संध्याकाळी तो नोझल घरी घेऊन आला आणि दिव्यापाशी धरून बसला. मी तो खडा पाहिला. ओळखीचा होता.

अकरा दिवस झाले तरी धुलाई बंदच होती. चार हजार तीनशे चादरी साठल्या. रुग्णांचे नातेवाईक घरून चादरी आणू लागले. बाराव्या दिवशी दादाला नोटीस आली. ती मला तोंडपाठ आहे : ‘सदर इंधनात उर्वरित अंश शून्य असल्याचे प्रमाणित आहे. सबब नोझलमधील काळा पदार्थ इंधनातून आलेला असू शकत नाही. आपण पूर्वी चौदा वर्षे कोळशाच्या बॉयलरवर काम केले आहे. जुन्या सवयीने आपण बर्नरमध्ये कोळसा घातला असल्याचे दिसून येते. आपणास कामावरून का काढू नये व निवासाच्या खोल्या का रिकाम्या करून घेऊ नयेत?’

“नेढ्यातून कोळसा घालायला मी काय जादूगार आहे?” दादा म्हणाला.

“चौदा वर्षं मला मात्र एक जादू दाखवली नाहीत,” वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “वन्सं, तुमच्या कार्यालयातलंच ना हे?”

मी नोटिशीची घडी घातली.

“रोज एक चंबू फोडता. उद्या एक न फोडता घरी आणाल?”

“वहिनी, खाली माझी सही आहे. स्वच्छ म्हणून.”

“बरं,” ती म्हणाली. मुलांची अंथरुणं घातली. कोमट नसलेल्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, “सही तुमची, भिंत आमची.”

दुसऱ्या दिवशी चंबू क्रमांक अठ्ठ्याहत्तर माझ्या हातातून निसटला आणि पिशवीत पडला.

चौकशी आमच्याच प्रयोगशाळेत झाली, कारण तज्ज्ञ आमचे साहेब होते. समिती त्रिसदस्यीय होती : साहेब, रुग्णालयाचे भांडारप्रमुख, आणि एक सदस्य जे रजेवर होते, पण त्यांची खुर्ची हजर होती. भांडारप्रमुख जेवून आले होते. समोर दादा, आणि साक्षीला बेरीजमास्तर, लाकूडवाले आणि मी. वहिनीला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती व्हरांड्यात, बरोबर खिडकीखाली बसली होती.

लाकूडवाले पहिले बोलले. “साहेब, माझंच तेल आहे. तापवलं की ते जवळजवळ अर्धं दगड होतं. मी आधीच सांगितलं होतं. या माणसाचा काही दोष नाही.”

“आपण उत्पादक आहात,” साहेब म्हणाले. “आपल्या मालाची आपल्याला माहिती असणारच. अशी साक्ष निःपक्षपाती धरता येत नाही.”

लाकूडवाले बसले. मग मी पिशवीतून चंबू काढून टेबलावर ठेवला. आतला गोळा उन्हात चमकला. भांडारप्रमुख जागे झाले.

“हे काय?”

“हे उरलंय, साहेब. प्रत्येक वेळी उरतं. दादाच्या नोझलमध्ये आहे तेच आहे हे.”

साहेब रागावले नाहीत. थोर माणूस. ते म्हणाले, “पद्धतीप्रमाणे पाहू.” पांढरा कागद पसरला. घड्याळ लावलं. मास्तरांनी चंबू दोन्ही हातांनी धरून पालथा केला. तीन मिनिटं कोणी श्वास घेतला नाही. कागदावर काही पडलं नाही.

“नोंद घ्या. चंबू रिकामा.”

“साहेब, वजन तरी करा!” दादा म्हणाला.

“पद्धतीत वजन नाही.”

खिडकीखालून आवाज आला, “राहू द्या हो! पालथ्या घड्यावर पाणी.”

“बाहेर कोण आहे?” साहेबांनी विचारलं.

“भिंत,” वहिनी म्हणाली.

दादा माझ्याकडे बघत होता, पण मला वाटतं त्याचं लक्ष त्या एका शब्दाकडे होतं. पालथा. त्याने शांतपणे खिशातून नोझल काढलं आणि त्याच पांढऱ्या कागदाशेजारी ठेवलं.

“मग साहेब, हेही तुमच्याच पद्धतीने पाहा.”

साहेबांनी चंबूकडे पाहिलं, नोझलकडे पाहिलं, पुन्हा चंबूकडे. नोझल चोंदलं आहे म्हणावं तर चंबूही भरलेला ठरत होता, आणि चंबू भरलेला असेल तर मार्चपासूनची अठ्ठ्याहत्तर प्रमाणपत्रं खोटी. बेरीजमास्तर बावीस वर्षांत प्रथमच न विचारता बोलले :

“पद्धत एकच आहे, साहेब.”

घड्याळ पुन्हा लावलं. नोझल तीन मिनिटं पालथं धरलं. काही पडलं नाही.

“नोंद घ्या,” साहेब सावकाश म्हणाले. “नोझल रिकामे.”

पुढचं सगळं आपोआप सुटत गेलं. नोझल रिकामं, म्हणजे ते चोंदलं नव्हतं. चोंदलं नव्हतं, म्हणजे बर्नर बंद पडला नव्हता. बर्नर बंद पडला नाही, तर दादाचा गुन्हा कुठला? राहिल्या चार हजार तीनशे चादरी. त्यांच्याविषयी अहवालात असं वाक्य आहे : ‘या काळात धुलाई बंद नव्हती, केवळ होत नव्हती.’ भांडारप्रमुखांनी खाली सही केली. खुर्चीतर्फे साहेबांनी केली. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

“साक्षीदार म्हणून. चंबू रिकामा होता.”

चंबू माझ्यासमोर होता. त्यातला गोळा मला दिसत होता आणि मी त्याला दिसत होते, काळ्या चकचकीत अंगात छोटीशी. मी सही केली. दादा कामावर राहिला आणि खोल्याही राहिल्या.

फक्त बॉयलर चालू करायचा राहिला. नोझल कागदोपत्री साफ होतं, त्यामुळे ते साफ करायला किंवा बदलायला परवानगी मिळेना. तेव्हा दादाने मागच्या शेडमधला जुना बॉयलर उघडला, आणि लाकूडवाल्यांनी आपल्या हंड्यातल्या कोळशाची पोती पाठवली. ज्यासाठी दादाला काढणार होते नेमकं तेच काम तो दुसऱ्या दिवसापासून करू लागला. भिंत कोमट झाली. चादरी वाळल्या. अहवालांत धुलाईखाना पूर्णपणे द्रव इंधनावर चालत होता. तेलाची पिंपं त्याच कोमट भिंतीशी पडून होती आणि आतल्या आत घट्ट होत होती. वर्षअखेरीस तपासणी आली तेव्हा ती डांबरासारखी झाली होती. पिंपं पालथी घातली, काही पडलं नाही, म्हणून ‘पूर्ण वापर’ असा शेरा मिळाला. पुढच्या वर्षी चाळीसची ऐंशी आली.

त्या सगळ्यांचं पुढे काय झालं, तेही सांगते. साहेब मोठ्या पदावर गेले आणि त्यांची पद्धत इतर तेरा कार्यालयांनी घेतली. भांडारप्रमुख एका सभेत झोपले ते निवृत्त होऊनच उठले. लाकूडवाल्यांनी तेलाचा नाद सोडला आणि कोळसा विकून तीन मजली घर बांधलं. जे उरतं त्यावरच पोट भरतं, असं ते म्हणत. दादाने निवृत्त होईपर्यंत चोरून कोळसा घातला, आणि निरोपसमारंभात त्याला ‘द्रव इंधन बचत’ पदक मिळालं. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. पदक मुलाकडे आहे. वहिनी एक्याऐंशी वर्षांची आहे. दात पडले, धार तशीच आहे. मी डिसेंबरात कायम झाले आणि चौतीस वर्षं काच धुतली.

बेरीजमास्तर निवृत्तीनंतर एकदाच घरी आले. तो चंबू मी खिडकीत ठेवला होता. त्यांनी तो उचलला, तळहातावर बराच वेळ तोलला आणि म्हणाले, “जड आहे गं.” मग होता तिथे नीट परत ठेवला. “पण रिकामा,” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

चंबू अजून तिथेच आहे. येणारेजाणारे विचारतात, आत काय आहे. मी त्यांना ही हकिकत सांगते. साहेबांना सगळे हसतात, मास्तरांना हसतात, खुर्चीच्या सहीला तर फारच. तुम्हीही हसला असाल. पण दादा सुटला तिथे तुम्हाला हायसं वाटलं, खरं ना? निकाल बरोबर लागला असं वाटलं?

मग या इथे, माझ्या सहीच्या खाली, एक ओळ मोकळी आहे. ‘चंबू रिकामा होता.’ करा सही. पेन देते.